धाकटीचं खरं नाव

माझ्या आत्याला घरात आणि कामावर सगळे धाकटीच म्हणत. खरं नाव काय ते फक्त तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावर. ते आमच्या घराण्यातलं जुनं नाव, दर पिढीत एका मुलीला मिळायचं. आमच्याकडे नावं ठेवण्यात सगळे पटाईत, दोन्ही अर्थांनी. अर्थ विचारला की आजोबा सांगायचे, "घर न सोडणारी." त्यांच्या आत्याचं हेच नाव होतं, तिच्या आत्याचंही. दोघी माहेरीच राहिल्या आणि म्हाताऱ्यांचं करता करता म्हाताऱ्या झाल्या.

आजोबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. आजी गेली आणि दोन वर्षांत त्यांच्या अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू लुळी पडली. माझे बाबा तोवर लग्न करून वेगळे राहत होते. आत्या सव्वीसची. तिला कोणी विचारलं नाही आणि तिनंही नाही म्हटलं नाही. आजोबांना उठवायचं, पुसायचं, भरवायचं, किल्ली शेजारच्या काकूंकडे द्यायची आणि हॉस्पिटलच्या धोबीखान्यात हजर व्हायचं. तिथल्या शिवणखोलीत ती फाटक्या चादरींना ठिगळं लावायची. खोलीला एकच खिडकी, तीही वाफेनं कायम पांढरी.

आलागेला कोणी असला की आजोबा कौतुकानं म्हणायचे, "पोरगी नावाला जागली." आत्या कप उचलून आत जायची.

ती चौतीसची असताना धोबीखान्याच्या मोठ्या बाईंनी तिला बोलावलं. सहा तासांवरच्या एका गावात नवं हॉस्पिटल उभं राहत होतं. तिथला धोबीखाना सांभाळायला माणूस हवं होतं, राहायला खोली होती. "शनिवारपर्यंत सांग," बाई म्हणाल्या.

त्याच आठवड्यात ती एका वॉर्डात पडदे शिवायला गेली. खाटेवर भाषेचे एक निवृत्त मास्तर पडून पडून कंटाळले होते. त्यांनी बिल्ला वाचला.

"अर्थ ठाऊक आहे का?"

"घर न सोडणारी."

मास्तर हसले. "कोणी सांगितलं? जुन्या बोलीत याचा अर्थ वाटेत जन्मलेली. घरदार उचलून निघालेल्या लोकांना प्रवासात मुलगी झाली, की हे नाव."

संध्याकाळी आजोबांना भरवताना तिनं विचारलं, "बाबा, माझ्या नावाचा अर्थ वाटेत जन्मलेली असा आहे?"

आजोबांनी तोंडातला घास गिळला. "हो. आपली माणसं इकडे येत होती तेव्हा पहिली झाली, गाडीत. माझ्या आत्यानं सांगितलं होतं मला."

"मग मला वेगळं का सांगितलंत?"

"बदललं ते आत्याच्या वडिलांनी. मी तेच पुढे चालवलं." मग खाली बघत म्हणाले, "खरं सांगितलं असतं तर तू गेली असतीस."

आत्यानं त्यांची हनुवटी पुसली आणि उरलेलं भरवलं.

शुक्रवारी ती आमच्याकडे आली. नव्या जागेचं आणि नावाच्या खऱ्या अर्थाचं सांगून झाल्यावर म्हणाली, "दादा, वर्षभर बाबांना ठेवून घेशील?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आईला माझ्या वेळचा सातवा लागला होता. "धाकटे, हीच वेळ सापडली तुला?" बाबा म्हणाले.

शनिवारी आत्यानं मोठ्या बाईंना नकार कळवला. तिच्या शेजारच्या मशीनवरची बाई त्या जागेवर गेली.

दोन महिन्यांनी मी झाले. बाबांनी आजोबांना खुर्चीसकट हॉस्पिटलात आणलं. जन्माच्या नोंदीचा कागद समोर आला तसे आजोबा म्हणाले, "नाव ठरलेलंच आहे." बाबांनी पेन टेकवलं. आत्यानं कागदावर हात ठेवला.

"हे नाव द्यायचं नाही."

"अगं, घराण्याचं नाव आहे," बाबा म्हणाले. "आणि अर्थ तर चांगलाच निघाला की."

"अर्थ चांगला आहे. पण तुम्ही हिला कोणता सांगाल, याचा मला भरवसा नाही."

बाबांनी पेन उचललं. शेवटी खाटेवरून आईनं तिच्या शाळेतल्या मैत्रिणीचं नाव सुचवलं. तेच लिहिलं गेलं. आजोबांनी आत्याशी आठ दिवस अबोला धरला. घास मात्र तिच्याच हातून घेत होते.

त्यानंतर ते अकरा वर्षं जगले. ते गेल्यावर एकदा मी तिला म्हटलं, "आत्या, आता जा ना कुठेतरी."

"कुठे?" तिनं विचारलं. अगदी खरं विचारलं, आणि उत्तराची वाट पाहत थांबली. मी शाळकरी पोर, मला एकही गाव सुचलं नाही.