सरांचे मेल

नव्या संगणकाच्या थर्माकोलचा वास आला की माझं डोकं आजही तापतं. जुळे सोलापुरातल्या आमच्या ऑफिसात नवा संगणक आला, दुरुस्तीवाल्यानं फायली त्यात घेऊन जुनी डिस्क पुसली आणि माझा मेलचा प्रोग्राम रिकामा उघडला. दुधनीच्या शाळेतले माझे सर त्याआधीच वारले होते. त्यांचे मेल फक्त त्या डिस्कवर होते. “डेस्कटॉप, डॉक्युमेंट, सगळं कॉपी केलंय की,” दुरुस्तीवाला म्हणाला. “आणि मेलचं फोल्डर?” “ते लपलेलं असतंय. तितं कोण बघतंय? जुन्या मेलचं लोणचं घालणार का सर?” तो हसला. संध्याकाळपर्यंत मी सेटिंग बदलत बसलो. शेवटी मेल आले, पण जाहिरातींचे. घरातला पहिला पदवीधर झालो तेव्हा सरांनी काय लिहिलं होतं, ते आता शब्दशः आठवत नाही. त्या दुरुस्तीवाल्याचं हसणं मात्र जसंच्या तसं आठवतं.