आम्ही की आपण

डिसेंबरातली संध्याकाळ भोपाळच्या महाराणा प्रताप नगरात लवकर उतरते, आणि आमच्या इंग्रजीच्या वर्गाच्या खिडकीतून भाजलेल्या शेंगदाण्यांचा धुरकट, उबदार गंध आत येऊन बाकांमध्ये रेंगाळत राहतो. अशाच एका वेळी, वर्ग सुटल्यावर, मालतीकाकू मागे थांबल्या. पिपलानीत मुलाकडे राहणाऱ्या काकू साठी उलटल्यावर इंग्रजी शिकायला आल्या होत्या, मराठी-हिंदी न येणाऱ्या केरळच्या सुनेशी, रम्याशी, चार शब्द बोलता यावेत म्हणून. इतरांच्या शंका ‘सिन्स’ आणि ‘फॉर’च्या असत, काकूंची होती एका सर्वनामाची.

“मॅडम, ‘वी’ म्हणजे आम्ही की आपण?”

दोन्ही, मी सहज म्हणाले. इंग्रजीत हा भेद नाही. त्यांचा चेहरा उतरला. आदल्या दिवशी जेवताना रम्या म्हणाली होती, ‘वी आर शिफ्टिंग टू कोची’, आणि त्या इवल्या शब्दात आपल्याला जागा आहे की नाही, हे काकूंना कळेना. मुलाला मराठीत विचारता आलं असतं. पण तो मन राखायला चटकन ‘आपणच गं’ म्हणेल, याचीच त्यांना धास्ती होती. सुनेलाच विचारता यावं म्हणून मी त्यांना एक निर्दोष इंग्रजी वाक्य घडवून दिलं. ते त्यांना फार कोरडं वाटलं.

पुढच्या वर्गाला आल्या तेव्हा त्यांचा स्वर निवळला होता. स्वयंपाकघरात, खोबरं खवता खवता, मोडक्या इंग्रजीत त्यांनी मराठीतले ते दोन्ही शब्द सुनेला समजावून सांगितले होते. रम्या थबकली. मल्याळममध्येही असे दोन शब्द आहेत, ती म्हणाली: ‘ञंगळ’मध्ये समोरचा माणूस येत नाही, ‘नम्मळ’मध्ये येतो. त्या दिवशी आपल्या मनात ‘ञंगळ’च होतं, हे तिने लपवलं नाही, काकू भोपाळ सोडणार नाहीत, असं तिने परस्पर धरून टाकलं होतं. मग विळीवरचं खोबरं ताटलीत सारत तिने हळूच विचारलं, ‘नम्मळ’ म्हणू का?

“मग जाणार?” मी विचारलं.

“ठरलं नाही अजून,” काकू म्हणाल्या. “पण आता ते मी ठरवायचंय.”

त्या बस धरायला गेल्या आणि दारात उभी असलेली एक मुलगी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, ‘शुड’ आणि ‘मस्ट’मधला फरक विचारू लागली. नियम ओठांवर आला होता. तो तसाच ठेवून मी तिला बसायला सांगितलं, आणि हे ‘शुड’ किंवा ‘मस्ट’ तिला कुणाला म्हणायचं आहे, ते आधी विचारलं.