माझ्या आजाराचा परदेशप्रवास

मी सेलूला घरी बसून एका परदेशी कंपनीचं काम करते. कंपनीचं मुख्य ऑफिस युरोपात, इकडची शाखा पुण्यात, आणि आमची टीम चार-पाच देशांत विखुरलेली. नव्यानं लागलेल्या लोकांना कंपनीचे नियम हिंदी-मराठीत समजावून सांगणं, हे माझं काम. त्यातला एक धडा माझ्या विशेष आवडीचा होता. कर्मचाऱ्यांची खासगी माहिती एका देशातून दुसऱ्या देशात पाठवताना काय पाळायचं, याचा. मी सांगायची, "समजा तुमचा पत्ता, पगार, आजारपण, सगळं पुण्याहून परदेशातल्या ऑफिसात गेलं, तरी ते तुमचंच. ज्याचं त्यावाचून काम अडतं त्यानंच ते बघायचं. आणि चूक झाली तर तुम्ही कुठल्याही देशात असा, जाब विचारू शकता." हे मी नुसतं शिकवत नव्हते, मला ते पटलेलं होतं.

मला कॉलेजात असताना फिट यायच्या. गोळ्या सुरू झाल्यापासून बरीच वर्षं एकही आलेली नाही. लग्न ठरण्याआधीच मी नवऱ्याला सगळं सांगितलं होतं. त्यांनी घरी सांगितलं नाही. आईला उगाच घोर लागेल, वेळ आली की मीच बोलतो, असं म्हणाले, आणि ती वेळ कधी आली नाही. सासू-सासरे अल्लीपूरला असतात, भाजीपाला पिकवतात. आम्ही नोकरीमुळे इकडे. कंपनीनं सगळ्यांचा आरोग्य विमा काढला तेव्हा जुने आजार विचारले होते. मी खरं ते लिहून दिलं.

एके दिवशी सकाळी टीममधल्या सगळ्यांना मुख्य ऑफिसातून एक मेल आला. कर्मचाऱ्यांच्या आरोग्याची काळजी घेणारा तिथं एक विभाग आहे, त्यांच्याकडून. मथळ्यातच माझं नाव. आपल्या या सहकारी बाईंना फिटचा आजार आहे, त्यांना आपण सांभाळून घेऊ या, असं मोठ्या प्रेमानं लिहिलं होतं. खाली सूचना होत्या. फिट आली तर कुशीवर वळवावं, तोंडात काही घालू नये. माझी टीम मला फक्त स्क्रीनवर बघते. मला कुशीवर वळवायला त्यातलं कोण सेलूला येणार होतं?

दुपारपर्यंत फोन सुरू झाले. टीममधली एक मुलगी वर्ध्याची. तिनं काळजीनं विचारपूस केली, आणि तशाच काळजीनं ती आपल्या आईजवळ बोलली. तिच्या आईचं माहेर अल्लीपूरचं. पुढचं सांगायला नको.

सासूबाई अल्लीपूरहून एसटीनं आल्या. कधी नव्हे त्या न कळवता. पिशवीत नेहमीसारखी वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, होतं. ते त्यांनी ओट्यावर ठेवलं आणि पाणीसुद्धा न घेता बसल्या. मला वाटलं, आजार लपवून लग्न केलं म्हणून बोलतील. पण त्या आजाराबद्दल बोलल्याच नाहीत.

"मले हे शेजारनीनं सांगावं?" त्या म्हणाल्या. "तिनं इचारलं, सुनेची तब्येत कशी हाय. मी म्हनलं, चांगली हाय. तं ती माह्या तोंडाकडे पाहूनच राह्यली."

मी सांगितलं, की माहिती कंपनीकडे होती, ती तिकडे परदेशी गेली, आणि तिकडच्या लोकांनी सगळ्यांना कळवली.

"तुले इचारलं नाई?"

"नाही."

त्या रडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. घरातली गोष्ट समुद्रापलीकडच्या माणसांना माहीत आणि आपल्याला नाही, हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं. दुपारच्या गाडीनं त्या परत गेल्या.

त्या दिवशी मला नवऱ्याचाही राग आला आणि स्वतःचाही. पण तो राग आमच्या घरातला होता, आमचं आम्ही बघितलं असतं. कधी सांगायचं, कसं सांगायचं, ते ठरवायचा हक्क आमचा होता. तो कुणीतरी एका सकाळी, चहा पिता पिता, आमच्या भल्यासाठी म्हणून काढून घेतला होता.

मी रीतसर तक्रार केली. पुण्याच्या ऑफिसात ज्या बाई अशा तक्रारी बघतात, त्या आधी गोड बोलल्या. हेतू चांगला होता, ताणू नका, म्हणाल्या. मी नियमाचा आधार दिला. तेव्हा त्यांनी मूळ नियमावलीतलं शेवटचं एक पान पाठवलं. त्यात लिहिलं होतं, की जाब विचारण्याचा हा हक्क युरोपातून बाहेर जाणाऱ्या माहितीपुरता आहे. भारतातून तिकडे गेलेल्या माहितीला तो लागू नाही. शिकवण्यासाठी मला दिलेल्या मजकुरात ते पान नव्हतंच. कितीतरी लोकांना मी छातीठोकपणे "कुठल्याही देशात असा" म्हणत आले होते.

त्याच आठवड्यात टीममधल्या, मुख्य ऑफिसच्याच शहरात राहणाऱ्या एका बाईंचा मला वेगळा मेल आला. त्यांनाही हाच आजार होता. त्यांना मात्र विभागानं आधी लेखी विचारलं होतं, कुणाला सांगायचं आणि काय सांगायचं. त्या नको म्हणाल्या, म्हणून कुणालाच सांगितलं गेलं नाही. कंपनी तीच, विभाग तोच, आजारही तोच. त्यांची गोष्ट विचारून जपण्याजोगी आणि माझी सगळ्यांत वाटण्याजोगी!

तो मेल तक्रारीला जोडला असता तर कंपनीला उत्तर देणं जड गेलं असतं. मी त्या बाईंना विचारलं, तुमचा दाखला देऊ का. त्यांनी लिहिलं, कृपा करून नको. मग मी तो दिला नाही. नवऱ्याचं म्हणणं, हातातलं सोडून दिलंस. पण मी दुसरं काय करणार होते?

तक्रारीचं उत्तर आलं. कृती चांगल्या हेतूनं झाली, नियमभंग झालेला नाही, तुम्हाला त्रास झाला असल्यास खेद वाटतो. झाला असल्यास! मी माझ्या साहेबांना कळवलं, की शेवटचं पान जोडल्याशिवाय हा धडा मी शिकवणार नाही. मला वाटलं, निदान तेवढं तरी करतील. त्यांनी धडाच माझ्याकडून काढून दुसऱ्या एकाला दिला. बाकीचं काम मी करते, कारण नोकरी लागते.

सासूबाईंचा अजून फोन येतो, पण माझ्याशी बोलताना त्या शब्द जपून वापरतात. पूर्वी त्या तशा नव्हत्या. याची भरपाई कुठल्या देशातल्या कुठल्या विभागाकडे मागायची, ते त्या नियमावलीत कुठेच लिहिलेलं नाही.