बोगद्यातला कोनाडा

सासूबाईंना काचबिंदू निघाला तेव्हा आम्ही कल्याणचं रेल्वे क्वार्टर सोडून डोंबिवलीत राहायला आलेलो. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. मला वाटलं, बाई आता काशी नाहीतर रामेश्वर मागणार. त्यांनी मागितलं काय, तर नवऱ्याची कामाची जागा.

सासरे जन्मभर रेल्वेत गँगमन. कसाऱ्याच्या घाटात रूळ सांभाळायचे, सुट्टीला घरी यायचे, आणि कामाबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत. एकदा दाखवा म्हटलं की ठरलेलं उत्तर, तिथं बघण्यासारखं आहे काय, दगड? याही वेळी तेच. माझं डोकं फिरलं. सासूबाईंची नजर गेल्यावर दाखवणार का, असं मी सरळ विचारलं. आमच्या ह्यांनी मला डोळे वटारले. पण रविवारी सकाळी सासरे पिशवीत टॉर्च टाकून स्वतःच दाराशी उभे!

चालू लाईनीवर आम्हाला कोण जाऊ देणार? म्हणून त्यांनी शेजारच्या जुन्या लाईनीवर नेलं. तिचे रूळ केव्हाच काढलेले, गावची पायवाट झालेली. दूधवाले सायकली घेऊन तिच्यावरूनच ये-जा करत होते. इथला बोगदा अगदी आमच्या लाईनीवरच्यासारखाच, सासरे म्हणाले.

आत वटवाघळांचा वास आणि छतातून ठिबकणारं पाणी. सासूबाई माझा दंड धरून चाचपडत होत्या. सासरे पुढून टॉर्च मारत दाखवत होते. गाडी आली की माणसाने उभं राहायचा भिंतीतला कोनाडा आला, तिथं जरा थांबले. सासूबाई नुसतं हं हं करत होत्या. मला फार वाईट वाटलं. एवढा हट्ट करून आल्या आणि त्यांना धड काही दिसत नव्हतं.

तेवढ्यात कातळातून धडधड सुरू झाली. पलीकडच्या चालू लाईनीवर गाडी आली होती. सासऱ्यांच्या हातातला टॉर्च पडला. त्यांनी सासूबाईंना खेचून कोनाड्यात कोंबलं, मलाही ढकललं आणि आम्हाला पाठीमागे घेऊन स्वतः समोर उभे राहिले. पायाखाली एक रूळ नाही! मला हसूच येणार होतं. पण खाली पडलेल्या टॉर्चच्या उजेडात त्यांचे हात दिसले. दोन्हीकडचा दगड घट्ट धरलेला. माझं हसू जागच्या जागी जिरलं.

धडधड विरली तसे ते भानावर आले, ओशाळले.

सासूबाईंनी हळूच विचारलं, "रोज असं?"

"दिवसातून कितीतरी वेळा."

"आणि घरी येऊन आमटीत मीठ कमी म्हणून भांडायचात."

त्या रडत होत्या. सासऱ्यांना काय करावं सुचेना. टॉर्च उचलून म्हणाले, चल, बघून झालं, बाहेर जाऊ. सासूबाई कोनाड्यातून हलल्या नाहीत.

"थांबा," त्या म्हणाल्या. "पुढची गाडी येऊ दे."

सासरे मुकाट्याने पुन्हा त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले.