चटईपुरती जागा

फोन हातभर लांब धरून, हनुवटी मागे ओढून अक्का थोडा वेळ पडद्याकडे बघायच्या आणि मग तो माझ्या हातात परत देत विचारायच्या, "ह्यात माझ्यागत कोण हाय?"

पडद्यावर बहुतेक वेळा समुद्रकिनारा असायचा आणि त्यावर एक शिडशिडीत मुलगी. वर लिहिलेलं असायचं : नवशिक्यांसाठी, घरच्या घरी, अगदी सोपं. ती मुलगी हसत हसत कमरेतून वाकायची आणि कपाळ गुडघ्याला टेकवायची. अक्कांच्या कपाळाची आणि गुडघ्यांची गाठ पडून किती वर्षं झाली असतील, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

कसबा बावड्यात आमची तीन मजली इमारत आहे. मी तळमजल्यावर, अक्का माझ्या बरोबर वर. त्यांच्या यजमानांचं, म्हणजे अण्णांचं, मार्केट यार्डात गुळाचं अडत दुकान. मुलगा दुकानात, सून घरात. घर खाऊनपिऊन सुखी. इमारतीतले सगळेच त्यांना अक्का म्हणायचे, अण्णासुद्धा. मी दुपारच्या शाळेत शिकवते म्हणून त्या मला बाई म्हणायच्या. पण 'बाई' म्हणून पुढे 'तू' म्हणायच्या. "बाई, तू शिकलेली हायस, तू हुडकून दे की," असं म्हणत त्या पहिल्यांदा माझ्या दारात आल्या.

डॉक्टरांनी त्यांना योगा करायला सांगितला होता. साखर होती, गुडघे गेले होते. कुठला योगा, कसा, ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. सुनेनं टीव्हीवर एक व्हिडिओ लावून दिला. पण तो टीव्ही हॉलमध्ये, आणि हॉलमध्ये सकाळी सहापासून गुऱ्हाळवाली, गाडीवाली, उचल मागायला आलेली माणसं चहा पीत बसलेली. त्यांच्यासमोर अक्का लुगडं सावरत आडव्या कुठे होणार? आतल्या खोलीत पलंग आणि कपाट यांच्यामध्ये एक माणूस अंग चोरून जाईल एवढीच फट. दुसरी खोली मुलाची. स्वयंपाकघरात ओटा, फ्रिज आणि देव. गच्चीवर पाण्याच्या टाक्या, आणि चारी बाजूंनी बघणारी घरं. त्या हिशेब सांगितल्यासारखं हे सगळं सांगायच्या आणि म्हणायच्या, "एक चटई हातरायची म्हटलं तर जागा न्हाय बघ."

अशी बाई तुम्हीही पाहिली असेल. तिच्या घरात सोफा असतो, दिवाण असतो, लग्नातलं फर्निचर असतं, आणि ती स्वतः ओट्यापाशी उभी असते.

मग त्या माझ्याकडे येऊ लागल्या. माझा मुलगा शिकायला बाहेर, मिस्टर फिरतीच्या नोकरीत. सकाळी माझं घर रिकामं असायचं. फळ्यापाशी उभं राहून माझीही पाठ कुरकुरत होती, म्हटलं दोघी करू. आम्ही शोधायला लागलो. एक गुरुजी म्हणाले, "आता सहज मांडी घालून बसा." अक्का म्हणाल्या, "हितंच संपलं की." दुसऱ्यानं सांगितलं, फक्त पाठीवर झोपा, डोळे मिटा. हे अक्कांना पसंत पडलं. त्या झोपल्या, डोळे मिटले, व्हिडिओ संपला, आणि मग त्यांना उठवता उठवता माझी पाठ धरली. दोघी जमिनीवर बसून हसलो. त्या डोळे पुसत म्हणाल्या, "बाई, उठायचं कसं त्ये शिकीवणारा कोणतरी बघ पहिला."

असे महिनाभर शोधले असतील. प्रत्येक जण 'सोपं' म्हणायचा आणि ज्याला आधीच येतं त्यालाच शिकवायचा. एके दिवशी अक्का जरा घुटमळल्या आणि म्हणाल्या, "कन्नडात असंल का गं?"

अक्कांचं माहेर सीमेपलीकडचं. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना मराठी धड येत नव्हतं. सासरी जावा त्यांच्या कन्नडाची नक्कल करायच्या, म्हणून त्यांनी ते बोलणं सोडलं. आई होती तोवर फोनवर तिच्याशी बोलायच्या. आई गेल्यावर तेही संपलं. हे सगळं मला त्या दिवशी कळलं, कारण फोनमध्ये एक म्हातारी बाई सापडली होती आणि अक्का तिच्याकडे बघता बघता बोलत होत्या.

ती बाई सुती लुगडं नेसून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. मागे तिचं स्वयंपाकघर दिसत होतं, कुकर शिट्टी देत होता. शिट्टी झाली की ती थांबायची आणि परत सुरू करायची. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. पण अक्कांनी फोन परत दिला नाही. पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला, समोर खुर्ची ओढली आणि बसल्या.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणती, पडायचं भ्या वाटत असंल तर वाटू दे. भिंत हाय, भिंतीला धर."

तेव्हापासून आमचा योगा सुरू झाला. ती बाई कन्नडात सांगायची, अक्का मला मराठीत सांगायच्या, आणि मध्ये मध्ये त्या तिलाच उत्तर द्यायच्या. "आयतु, आयतु," म्हणजे झालं, झालं. ती हात वर करून थांबली की अक्का तिच्यावर रागवायच्या, आता खाली घे म्हणून. कधी व्हिडिओ संपल्यावरही त्या फोनकडे बघून काहीतरी दोन वाक्यं बोलायच्या. मी अर्थ विचारला नाही. वर्गात मी रोज इतकं बोलते, पण कुणाशी बोलताना माझा चेहरा असा सैल होत असेल असं मला वाटत नाही.

पावसाळा सरता सरता अक्का जिना एकेका पायरीवर न थांबता उतरायला लागल्या. पर्युषणात त्या बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन देवळात, गेल्या. तिथे वर्षानुवर्षं त्या मागे खुर्चीवर बसायच्या, म्हाताऱ्यांच्या रांगेत. दुसऱ्या दिवशी सकाळी दारातूनच त्यांनी मला बातमी सांगितली. "खाली बसले. समद्या बायकांत. आन उठले बी, कुणाचा हात न धरता."

त्या सकाळी त्या फार सुंदर दिसत होत्या. मी चहा केला. त्यांनी त्यात साखर घालायला लावली.

हीच बातमी बस्तीतून अण्णांकडेही गेली. कुणीतरी कौतुकानं विचारलं, अक्कांना गुण कशानं आला? अण्णांनी घरी विचारलं, तेव्हा त्यांना कळलं की आपली बायको रोज सकाळी खालच्या बाईंकडे जाते. अण्णा वाईट माणूस नव्हते. रागावले, ओरडले असंही नाही. त्यांना ते कमीपणाचं वाटलं. संध्याकाळी जिन्यात भेटले तेव्हा मला म्हणाले, "बाई, आमच्या घरात काय कमी हाय का? तिनं सांगायचं होतं. आम्ही काय केलं नसतं व्हय?"

आणि त्यांनी केलं. तेही दणक्यात. शहरातून एक ट्रेनर बाई ठरवल्या. जाड, रंगीत मॅट आणल्या. सोफा एका भिंतीला गेला, दिवाण गॅलरीत गेला, चहाला येणारी माणसं दुकानावर जाऊ लागली. इतकी वर्षं जे हलत नव्हतं ते एका रविवारी दुपारी हललं. एकटीसाठी यायला ट्रेनरला परवडत नाही म्हणून सुनेनं तिच्या मैत्रिणी गोळा केल्या. सून इचलकरंजीची, गोड बोलणारी, उत्साही मुलगी. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे मी आजही सांगेन.

सुरुवातीला अक्का पुढच्या मॅटवर होत्या. ट्रेनर भराभर पुढे जायची, अक्कांना वेळ लागायचा, म्हणून त्यांना मागे घेतलं. मग मागच्या मॅटवर एक नवी मैत्रीण आली आणि अक्का खुर्चीवर बसून बघू लागल्या. त्यानंतर मी एकदा सकाळी काही कामानं वर गेले, तर हॉलमध्ये सात-आठ बायका एका पायावर उभ्या होत्या आणि अक्का स्वयंपाकघराच्या दारात ट्रे धरून उभ्या होत्या. ट्रेमध्ये कोमट पाणी, लिंबू आणि मध. योगा संपला की सगळ्यांना ते लागायचं.

मी हळूच म्हटलं, "अक्का, खाली या की."

"ह्या येळेला कशी येऊ? हितं बायका असत्यात. आन दुपारी तू शाळंत."

एवढंच म्हणाल्या. तक्रार नव्हती. तक्रार करायला काही उरलंच नव्हतं, सगळं त्यांच्यासाठीच तर केलं होतं.

दिवाळीनंतर ट्रेनरला क्लासचा एक व्हिडिओ करायचा होता. सगळ्यांनी सारख्या रंगाचे कपडे घातले. कुणीतरी म्हणालं, अक्कांनाही घ्या, सासू-सून एकत्र छान दिसतील. अक्का नको नको म्हणत होत्या. सुनेनं प्रेमानं हात धरून त्यांना मधोमध उभं केलं. ट्रेनर म्हणाली, काही नाही, फक्त एक पाय उचलायचा, हात जोडायचे, हसायचं. मधोमध भिंत नव्हती.

आवाज मला खाली ऐकू आला. मला वाटलं, काही जड सामान पडलं.

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, खर्चात अण्णांनी हात आखडला नाही. पलंग आणि कपाटाच्या फटीत नर्सला फिरता येईना, म्हणून भाड्यानं आणलेला दवाखान्यातला पलंग हॉलमध्ये लावला. सोफा बाहेर गेला, मॅट गुंडाळून कोपऱ्यात उभ्या राहिल्या. क्लास बंद झाला. ट्रेनर एकदा फळं घेऊन भेटून गेली.

बघायला येणाऱ्यांना अण्णा सांगायचे, "ह्या वयात योगा करायचा असतो व्हय? हिला नादच लागलेला. खालच्या बाईंकडं जायची, तितनं चालू झालं सगळं." मी समोर बसलेली असले तरी सांगायचे. माझ्यावर राग म्हणून नव्हे. झाल्या गोष्टीचं कारण कुठेतरी ठेवायला लागतं, त्यांनी ते माझ्याकडे ठेवलं.

एक दिवस अण्णा आंघोळीला गेलेले बघून मी फोन काढला आणि त्या कन्नड बाईंचा आवाज अगदी बारीक करून अक्कांच्या कानाशी धरला. म्हटलं, करायचं काही नाही, नुसतं ऐका. अक्कांनी डोळे मिटले. कुकरची शिट्टी झाली, बाई थांबली. अक्कांचे ओठ हलले. तेवढ्यात अण्णा टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आले.

"बंद करा त्ये," ते म्हणाले. "त्या बाईनंच ही येळ आणली."

मी फोन बंद केला. अक्कांनी डोळे उघडले आणि छताकडे बघत म्हणाल्या, "तिला कशाला बोलताय? तिनं भिंतीला धर म्हणून सांगितलेलं."

चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी अण्णांना दिलेलं उलट उत्तर मी तेवढं एकच ऐकलं. अण्णा आत गेले आणि आतून त्यांनी सुनेला हाक मारून चहा मागितला.

त्यानंतर अक्का कमी बोलायला लागल्या. मराठी तर फारच कमी. नर्सला त्या कन्नडात पाणी मागायच्या, नर्स चंदगडची, मराठी बोलणारी, तिला कळायचं नाही. घरच्यांना वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. मी म्हटलं, पाणी मागतायत. माझं तेवढंच कन्नड, पाणी, सावकाश, श्वास आणि झालं, तेही त्यांच्याकडूनच आलेलं. मला जे कळायचं ते मी सांगायचे. बाकीचं तसंच हॉलमध्ये विरून जायचं. टीव्ही चालू असायचा.

जवळच्या साखर कारखान्याचं गाळप अजून सुरू होतं, पहाटे मळीचा वास घरात भरलेला असायचा, तशा एका पहाटे अक्का गेल्या. छातीत कफ झाला होता. आडवं पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांचं असं होतं, डॉक्टर म्हणाले. शोकसभेत एका नातेवाइकांनी सांगितलं की अक्कांनी आयुष्यात स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. हॉल भरलेला होता. सगळ्यांनी माना हलवल्या. मी नाही हलवली, पण ते कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं.

सुतक सरल्यावर काही दिवसांनी सून मला जिन्यात भेटली. डोळे अजून सुजलेले होते. अक्कांची आठवण काढून ती रडली, आणि ते रडणं खरं होतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग ती मला हाताला धरून वर घेऊन गेली.

पलंगवाल्यानं पलंग परत नेला होता. सोफा परत आणायचा नाही असं घरात ठरलं होतं. फरशी धुतलेली, खिडक्या सताड उघड्या. भिंतीपासून भिंतीपर्यंत रंगीत मॅट ओळीनं अंथरलेल्या होत्या.

"सोमवारपासून परत चालू करतोय, मॅडम," ती म्हणाली. "तुमची पाठ दुखते ना, तुम्ही पण या की. आता बघा, किती जागा झालीय."

मी बघितलं. हॉल खरंच मोठा होता.