अकरा दिवसांच्या हाका

दुपारी जेवून शलाका जरा आडवी होते तेव्हा पुस्तकाची मुद्रितं तिच्या पोटावर असतात. भाईमामाच्या ‘सुंठी’ची नवी आवृत्ती निघतेय. मुखपृष्ठावर मामा आणि त्याच्या खांद्यावर करड्या रंगाची मांजरी, सुंठी. वाचक अजून त्या मांजरीच्या नावानं पत्रं पाठवतात. शेवटच्या लेखात हरवलेल्या सुंठीला हाका मारत आळीभर फिरणारी नऊ वर्षांची मुलगी म्हणजे शलाका, म्हणून प्रकाशकांना तिच्या चार ओळी हव्यात. आज संध्याकाळपर्यंत.

सकाळी मामाच्या जुन्या डायरीत तिला एक ओळ सापडली. ‘सुंठीला आज खाडीपलीकडे सोडली. आता लिहिता येईल.’ प्राणिशास्त्रात एमएस्सी केलेल्या शलाकानं तारीख तीनदा ताडून पाहिली. मांजरी हरवली त्याच दिवसाची.

डोळे मिटतात न मिटतात तोच खुर्ची सरकते.

“झोपलीस, की नुसतीच लोळत्येस?”

भाईमामा. जाऊन चार वर्षं झाली, पण खांद्यावर पंचा टाकून निवांत पेनात शाई भरतोय.

“मामा, सुंठीला तू सोडलंस?”

“डायरी वाचलीस वाटतं. दुसऱ्यांच्या डायऱ्या वाचायला शिकवतात का गं तुमच्या कॉलेजात?”

“विषय बदलू नको.”

“चाळीस पानं, शलाका! कादंबरीची चाळीस पानं. त्यांच्यावर मुतली ती. एक अक्षर उरलं नाही.”

टेबल आता लांबलचक आहे, कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं. मेणाच्या ट्रेमध्ये ती पानं टाचण्या टोचून ताणून बसवलेली. शलाका वाकून मोजते. चाळीसच आहेत. निळे ओघळ, आणि तो उग्र वास. क्षणभर तिला मामाची कीव येते.

“माया नव्हती असं समजू नको,” मामा म्हणतो. “ती मांडीवर नसली तर माझं पान पुढं सरकायचं नाही.”

“मग सोडल्यावर लिहिता आलं?”

“तिच्यावरच लिहिता आलं.”

“ते मला सांगायचंस ना! रडले असते दोन दिवस. तू मला अकरा दिवस फिरू दिलंस.”

“सांगणार होतो.”

“कधी?”

मामा पेनाचं टोपण लावतो, परत काढतो. “पहिल्या दिवशी तू वाटीत दूध घेऊन निघालीस. फ्रॉकचा बंद सुटलेला. मी खिडकीत होतो. काय हाक होती गं तुझी! मी कागद ओढला.”

“मी हाका मारत होते, आणि तू लिहीत होतास?”

“लेख पुरा होईपर्यंत कसं सांगणार? सांगितलं असतं तर तू थांबली असतीस.”

पायाखालची फरशी डुलते. दोघं होडीत आहेत. भोवती खाडीचं मचूळ, हिरवं पाणी. मामाच्या पायाशी तागाचं एक पोतं आहे आणि ते हलतंय.

“पाणी ओलांडलं की मांजराला घराचा माग लागत नाही म्हणतात,” मामा पाण्याकडे बघत म्हणतो. मग हळूच विचारतो, “लेख चांगला झालाय ना?”

“झालाय. शाळेत बाईंनी वाचून दाखवला तेव्हा सगळा वर्ग रडला. मीपण. त्याचाच संताप येतोय.”

“मग राहू दे तसाच. मेलेल्या माणसाची एवढी लाज राख.”

“आणि माझी रे?”

पोत्याचं तोंड सुतळीनं आवळलेलं आहे. शलाका ती ओली गाठ नखानं उकरायला लागते.

“अगं, नख उलटेल!”

आतून सुंठी ओरडते. भूक लागल्यावर ओरडायची तश्शी. गाठ जराशी सैल होते.

मुद्रितं जमिनीवर पसरलीत. पावणेचार वाजलेत. उजव्या अंगठ्याचं नख ठणकतंय. शलाका खिडकीशी जाऊन त्यावर भिंग धरते. नखाखाली खोल रुतलेला तागाचा एक तंतू, पेराएवढा लांब, अजून ओला. ती तो जिभेच्या टोकाला लावून बघते. खारट.

तो उपटून न काढताच ती टेबलाशी बसते. ‘मांजरी हरवली नव्हती,’ ती लिहिते. अंगठा दुखतो, त्यामुळे अक्षर जरा वाकडं येतं.