चौथा उपसा

कोकिळाबाई रोज सकाळी मोटर सुरू करायच्या आधी विहिरीत एक खडा टाकत. खडा हातातून सुटला की डोळे मिटून भरभर आकडे मोजत, आणि कितव्या आकड्याला 'डुबुक' ऐकू आलं त्यावरून आज किती वाफ्यांना पाणी पुरेल ते सांगत. पिंपळगाव राजाच्या शिवारात, रस्त्यावरच्या पेट्रोल पंपाला लागून त्यांचं दीड एकर वावर. त्यात मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी.

एका कार्तिकात खडा नेहमीच्याच आकड्याला पडला, पण डोळे उघडले तर पाण्यावर रंग फिरत होते. जांभळे, हिरवे, पिवळे. तरंगांबरोबर पांगले आणि पुन्हा जुळून आले.

"दिसाले तं चांगलं दिसते," त्या नवऱ्याला, महादेवरावांना म्हणाल्या, "पण हे होय काय?"

चार दिवसांनी खामगावच्या बाजारात नेहमीच्या एका बाईनं मेथीची जुडी उचलली, नाकाशी नेली आणि खाली ठेवली. पंधरा वर्षांत कोकिळाबाईंची जुडी कुणी खाली ठेवली नव्हती.

पाणी नासलं तर काय करायचं, ते घरात ठरलेलं होतं. विहीर तीनदा उपसायची. तळ दिसेपर्यंत पाणी काढायचं, नवं झिरपू द्यायचं, पुन्हा काढायचं. त्यांनी तीन दिवस मोटर चालवली. पहिल्या उपशानंतर वास तसाच होता, दुसऱ्यानंतर वाढला, तिसऱ्यानंतर काठावर उभं राहिलं तरी डोळे चुरचुरायला लागले.

"तू उपसून राह्यली का ओतून राह्यली?" महादेवराव म्हणाले.

मग तक्रार गेली, पंपाच्या जमिनीखालच्या नळ्या तपासल्या गेल्या आणि एका जोडाला चीर सापडली. पंप बंद झाला. त्याचा मॅनेजर सुधाकर स्वतः विहिरीवर आला. "वहिनी, रोज सकाळी टाकीत मापकाठी घालतो आम्ही. पण इतकं हळूहळू गेलं, की काठीलाही कळलं नाही," तो म्हणाला.

माती-पाणी साफ करायला बुलढाण्याहून रेवती नावाची इंजिनिअर आली. तिशीची असेल. आल्या आल्या म्हणाली, "काका, आधी ती बिडी विझवा. आणि या मोटरची लाइन तोडायला सांगा."

महादेवरावांनी बिडी चपलेखाली चिरडली. "घरी एक होती, आता वावरातबी एक आली."

पंपाच्या आवारातली वासाची माती खणून, ताडपत्रीनं झाकून ट्रकमधून गेली. मग रेवतीनं आजूबाजूला बारीक बोअर पाडले. त्यांत ती दोरीनं एक पारदर्शक नळी सोडायची आणि वर ओढायची. नळीत खाली पाणी असे, वर चार बोटं पेट्रोल, फिक्या चहासारखं. कोकिळाबाई हातातलं खुरपं टाकून तिच्याजवळ येऊन बसत.

"हे पान्यात मिसळत काऊन नाही?"

"हलकं आहे, काकू. वर तरंगतं. थोडं विरघळतं मात्र, आणि तेच जास्त वाईट. ते डोळ्यांना दिसत नाही."

"अन् खाली पानी चालते कसं?"

"खडकाच्या भेगांमधून. उताराकडे."

कोकिळाबाईंनी उताराकडे पाहिलं. तिकडे शेजारच्या वावरातल्या गणेशची विहीर होती, अख्खी वस्ती तिचं पाणी प्यायची. "उतार तं गणेशकडे हाये. मंग हे माह्याकडे कसं आलं?"

रेवतीनं नळी खाली ठेवली. "विहिरीतलं पाणी काढलं, की चहूकडून नवं पाणी तिच्याकडे धावतं. तुमची मोटर रोज थोडं ओढतच होती. तीन उपशांत एकदम ओढलं."

दुसऱ्या दिवशी रेवतीची गाडी थांबायच्या आत कोकिळाबाई फाटकाशी उभ्या होत्या.

"गणेशच्या विहिरीत किती निघालं?"

"काहीच नाही."

"काहीच नाही म्हनजे?"

"तुमच्या विहिरीनं तिकडे जाऊच दिलं नाही."

मग रेवतीनं जमिनीवर काडीनं रेघा ओढून दोन वाटा दाखवल्या. ही विहीर बंद केली तर उरलेलं पेट्रोल उताराला लागेल. ते अडवायला नवे बोअर घ्यायचे, पण खडकातली तीच भेग लागेल याचा नेम नाही. नाहीतर ही विहीर दिवसरात्र, हळूहळू उपसत राहायची. ठिणगी न उडणारा पंप लावायचा, वरचं पेट्रोल वेगळं काढायचं, पाणी कोळशाच्या टाक्यांतून गाळायचं. दोन-तीन वर्षं तरी त्यातला थेंब पिकाला द्यायचा नाही.

"बुजवून टाका म्हना," महादेवराव म्हणाले. "आपन पंपवाल्यायकडून नवी बोअर मागू."

"अन् नव्या बोअरनंबी हेच ओढलं तं?"

कोकिळाबाई वाफ्यांकडे पाहत राहिल्या. पालक काढणीला आला होता, आणि तो कुणाला विकता येणार नव्हता.

"उपसा मंग," त्या रेवतीला म्हणाल्या. "पन नळी मी सोडीन. काय निघते ते मले पाहू द्या."

दर मंगळवारी नळी त्यांच्याच हातून विहिरीत जाऊ लागली. चार बोटांची दोन झाली, दोनाचं एक, मग नखाएवढं. वावरात पावसावरची तूर उभी राहिली. बाजारातली त्यांची जागा दुसऱ्या कुणी धरली.

तिसऱ्या दिवाळीनंतरच्या मंगळवारी नळीत नुसतं पाणी आलं. कोकिळाबाईंनी ती उन्हात धरली, फिरवून फिरवून पाहिली. रेवतीच्या हातात तपासणीचा कागद होता. तो तिनं वाचून दाखवला.

"वरचं गेलं, काकू. विरघळलेलं अजून आहे. आणखी एक वर्ष लागेल."

कोकिळाबाईंनी नळी पुसून रेवतीला दिली, हात धुतले आणि खुंटीवरची पिशवी काढली.

"उपसा बंद नोका करू कोनी," फाटकातून जाता जाता त्या म्हणाल्या. "मी बाजारातून भाजी घेऊन येतो."